हिस्केकाकूंचा पडदा आणि येलेची पत्रं

हिस्केकाकूंच्या घरात मयत झालीये, अशी बातमी दोन दिवस आमच्या गल्लीत फिरत होती. पुरावा एकच, बैठकीच्या खोलीचा पडदा ओढलेला होता. इथे नेदरलँड्समधल्या हार्लिंगेनमध्ये पडदा कुणी ओढत नाही. कोण बटाटे खातंय, कोण रुसलंय, सगळं रस्त्यावरून दिसतं.

मयतबियत काही नव्हती. काकूंचा कॉम्प्युटर तेवढा घरघर लागून शेवटच्या घटका मोजत होता.

"नीन्के, आधी दार लाव," मी गेले तशा काकू कुजबुजल्या. "माझ्या घरात लपवलेलं काहीतरी निघालंय."

काकूंचा भाऊ येले कॅनडात असायचा. गेल्या वर्षी तो वारला. त्याच्या अकरा वर्षांच्या मेल फक्त याच डब्यात होत्या. त्या नेमक्या कुठे असतात हे शोधायला काकूंनी वाचनालयातून एक कागद आणला होता. त्यावर लिहिलेलं : 'मेलचं फोल्डर लपवलेलं असतं.'

"लपवलेलं! चाळीस वर्षं माझी खिडकी उघडी, आणि हा मेला माझ्याच घरात लपवालपवी करतो?"

"काकू, सगळ्यांच्याच कॉम्प्युटरमध्ये असतं ते."

"समोरच्या ऊपकेकडेपण?"

"असणारच."

"वाटलंच होतं मला."

मग कागदात बघून काकूंनी 'लपवलेलं दाखवा'वर टिचकी मारली. फोल्डर समोर आलं आणि काकूंनी ताडकन पडदा उघडला. कॉपी मात्र उद्यावर गेली. त्यासाठी आणलेली डिस्क दोन महिने कपाटातच होती.

"चुकून पुसलं गेलं, तर येले दुसऱ्यांदा जाईल गं," त्या हळूच म्हणाल्या.

मी कसली गप्प बसतेय! "चौदा तारखेपर्यंत तुमच्याच्यानं होत नाही, लावा पैज! हरले तर वर्षभर तुमची नक्कल बंद." मी करते ती काकूंची नक्कल मासळीच्या दुकानापर्यंत गाजलेली.

काकू तडक उठल्या. संडासात गेल्या आणि इथं घरोघरी तिथेच टांगतात त्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर चौदा तारखेसमोर लिहून आल्या : 'मेलची कॉपी.'

आल्यागेल्याला संडासात जावं लागतंच. चौदाला सकाळी अकरा माणसं फुलं घेऊन दारात! खुर्च्या गोल मांडल्या. "अभिनंदन, हिस्के!" मग वाढदिवसाच्या इथल्या रिवाजाप्रमाणे माझाही हात धरून, "तुझंही अभिनंदन, नीन्के!" कशाबद्दल, ते एकानंही विचारलं नाही. कॅलेंडरवर आहे म्हणजे कुणाचा तरी वाढदिवस आहे.

"मग, उत्सवमूर्ती कुठंय?" ऊपकेकाकांनी विचारलं.

आता काकूंना पळायला जागा नव्हती. त्यांनी मेलचा प्रोग्राम बंद केला, कारण तो उघडा असताना कॉपी करायची नाही असं कागदावर होतं. डिस्क जोडली, फोल्डर ओढून तिच्यावर सोडलं. हिरवी पट्टी सरकायला लागली. अकरा जण श्वास रोखून बसले, कुणी कॉफीचा घोटसुद्धा घेईना. पट्टी भरली. काकूंनी डिस्क माझ्या लॅपटॉपला लावली आणि एक मेल उघडली. येले लिहीत होता : 'इथलं चीज म्हणजे साबण आहे, हिस्के.'

काकूंनी डोळे पुसले. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

"नीन्के, आता हिस्केची नक्कल होऊन जाऊ दे!" ऊपकेकाका ओरडले.

सगळे माझ्याकडे वळले. कॉफीबरोबर माणशी एक बिस्किट देऊन झाकण लावणाऱ्या हिस्केकाकूंनी डबा पुन्हा उघडला आणि माझ्यासमोर धरला.

"घे दुसरं," त्या म्हणाल्या. "तोंड बंद ठेवायला बरं पडेल."