भावजींच्या इंजिनाचा कौल

ओले काजूगर अर्धे सोलून झाले होते, अर्धे सुपात पडून होते आणि चिकाने माझी बोटे काळी पडली होती. तेवढ्यात पलीकडच्या पडवीतून गुरुदास भावजी ओरडले, "कोणी हलू नकात! आसात थंयच रवा!"

मला वाटले, साप. सूप तसेच टाकून धावले. साप नव्हता. भावजी गाडीच्या उघड्या इंजिनापुढे दोन्ही हात वर धरून उभे होते आणि घामाने भिजले होते.

गुरुदास भावजी माझे धाकटे दीर. आंबा-काजूची कलमे सांभाळतात, पण माणूस मुळात गाडीचा. आमच्या तोंडवलीत वेळेला वाहन मिळत नसे तेव्हा त्यांची जुनी पांढरी गाडी होती. कोणाची बाळंतीण अडली, कोणाला ताप चढला, की भावजी भरल्या ताटावरून उठायचे. माझा थोरला जन्मला तेव्हा मालवणहून घरी आला तो ह्याच गाडीतून. गेल्या पावसाळ्यानंतर गाडी धूर ओकायला लागली आणि बसली ती बसलीच. इतके जुने इंजिन कोणी हातात घेईना. मग भावजींनी ठरवले, घरीच बांधायचे.

मोबाइलवर बघून बघून त्यांना खास हत्यारे मागवायचा नाद लागला. खोके आले की आधी देवापुढे ठेवायचे, कुंकू लावायचे आणि मगच उघडायचे. बोल्ट पुरेसा आवळला की टक् वाजणारा पाना आला. तो एकदाही वाजला नाही, बोल्ट मात्र तुटला. मग पिस्टनच्या रिंगा दाबून धरायचा पट्टा आला, तो ऐन वेळी सैल पडायचा. शेवटी खोबरेल तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, त्यावर पाण्याच्या पाइपची क्लिप आवळून भावजींनी पिस्टन बसवले.

"तेलाचो डबो नि पायपाची क्लिप!" भावजींची बायको, माझी जाऊ रुक्मिणी म्हणाली. "ह्या आधीच घरात होता मा? मग त्या खोक्यांका काय ओवाळुचा होता?"

"अगो, हत्यार लबाड निघाला म्हणान पूजा चुकवची नाय," भावजी म्हणाले.

रुक्मिणी बोलते तोडून, पण तिचेही चुकत नव्हते. पडवीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. तिने सांगून टाकले होते, शिमग्याआधी गाडी चालू झाली नाही तर भंगारवाल्याला बोलावणार. भावजींनीही मान डोलावली होती.

आज इंजिन जवळजवळ जोडून झाले होते. एका व्हॉल्वचे रबर तेवढे राहिले होते. त्यासाठी तिथली स्प्रिंग दाबून धरावी लागते, आणि ती दाबायचेही एक खास हत्यार आले होते. भावजींनी जोर लावला, हत्याराचा जबडा पत्र्यासारखा वाकला, स्प्रिंग सुटली आणि व्हॉल्वला धरून ठेवणारे नखाएवढे लोखंडी लॉक उडाले. रागाने भावजींनी ते हत्यार अंगणाकडेच्या अळवात भिरकावले आणि मग त्यांच्या लक्षात आले, की लॉक कुठे पडले ते कोणीच पाहिले नाही; मघाची आरोळी त्याचीच.

"बाहेर पडला तर ठीक," ते म्हणाले. "पण हंयसर तेल खाली जावची भोका आसत. त्यातसून आत गेला नि मी इंजिन चालू केलंय, तर सगळा फुटतला."

पडवी झाडली, अंगण झाडले, चुंबक फिरवला. काही नाही. मग भावजी पायरीवर बसले. "परत सगळा खोलूची ताकद नाय माझ्यात. वैनी, भंगारवाल्याक सांगा येवक."

ते ऐकून आमचे हे उठले. "चल रे रवळनाथाकडे. कौल लावया."

कपाळाला हात लावतील असे वाटले होते, पण भावजी हात पुसून चालू लागले. देवळात परशुराम गुरवाने देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि विचारले, "गाराणा काय घालू?" ह्यांनी समजावले. गुरवाने एकदा भावजींकडे बघितले, हसू दाबले आणि सूर लावला, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान घरात इंजिन जोडूक घेतल्यान, त्यातला लॉक हरवला! ता भायर आसात तर उजवो दी, आत आसात तर डावो दी, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही म्हणालो.

मी पदर घट्ट धरून उभी होते. पाकळी हलेना. मग उजवी पडली.

घरी येताच भावजींनी खालच्या तेलाच्या चेंबरचे बोल्ट सोडायला घेतले. रुक्मिणी कमरेवर हात ठेवून उभी. "देवान भायर म्हणान सांगल्यान ना? मग आत कित्याक बघतास? विश्वास नाय तुमचो?"

"विश्वास आसा म्हणान तर खोलूक धीर इलो," भावजी म्हणाले.

मला ते पटले. देवाला विचारले म्हणून हातांनी बघायचे सोडायचे, असे कुठे आहे? मघाशी भंगारवाल्याला बोलावणारा माणूस आता पाना घेऊन बोल्ट सोडत होता, माझ्या लेखी कौल तोच. कोकमाचे आगळ गाळतो तसे आम्ही सगळे तेल माझ्या जुन्या पातळाच्या फडक्यातून गाळले. भावजींनी तारेला चुंबक बांधून भोकाभोकातून फिरवला. लोखंडाचा कणसुद्धा आला नाही.

रुक्मिणी मात्र अळवात शिरली होती. "ह्या तरी भंगारात देतंय," म्हणून तिने ते वाकडे हत्यार उचलले, त्याच्या तोंडात बघितले आणि तिथेच थांबली. जबड्याच्या वाटीत, ग्रीसमध्ये रुतून, लॉक बसले होते.

"अहो," तिचा आवाजच बदलला. "ह्याच काय ता?"

भावजींनी लॉक तळहातावर घेतले आणि मटकन खाली बसून हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले, हातांचे काळे गालाला लागले. रुक्मिणीने पदराने ते पुसले आणि म्हणाली, "भंगारवाल्याक आता नुसती हत्याराच दिवया. गाडी रवांदे."

मी देवापुढे दिवा लावला. भावजींनी लॉक कुंकवाच्या करंड्यात ठेवले आणि माडाखालचा जुन्या नळाचा पाइप शोधून काढला. त्याच्या बाजूला बोट जाईल एवढी खिडकी कापली की स्प्रिंग दाबायचे हत्यार होईल, असे ते म्हणतात. उद्या सकाळच्या एसटीने तो पाइप घेऊन ते मालवणला वेल्डिंगवाल्याकडे जाणार आहेत.