ठिकाण कळत नाही

"अगं, फोनकडे बघ. विचारतोय तो."

रेडमंडच्या लायब्ररीतल्या मागच्या खोलीत दर शनिवारी काकांचं हे वाक्य ऐकू यायचं. फोन लॅपटॉपला जोडलेला, आणि लॅपटॉप म्हणणार फोन दिसतच नाही. आम्ही सगळे लॅपटॉपवर डोळे रोखून बसलेले. केबल काढ, घाल, रीस्टार्ट कर. शेजारी टेबलावर फोनच्या स्क्रीनवर मात्र एक प्रश्न कधीचा पडून असायचा: या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का? हो म्हणायला कुणी नाही. काका मागून येत, बोटाने नुसता फोन दाखवत आणि चहा आणायला निघून जात. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मदत करतात आणि लगेच पाठ फिरवतात, आभाराला जागाच ठेवत नाहीत.

मी पत्रकं लिहिणारी. गोड लिहायची मला सवय नाही, म्हणून सरळ सांगते. आमच्या भागातली एक बस बंद करायचं चाललं होतं. कारण काय, तर तिला माणसंच नसतात. माणसं होती. बसच येत नव्हती. लोक पावसात थांब्यावर उभे राहून कंटाळून निघून जात, आणि मोजणीत धरले जात फक्त बसमध्ये चढलेले. याची चीड येऊ नये तर कशाची यावी? म्हणून आम्ही काही जणांनी फोनसाठी एक अ‍ॅप करायला घेतलं. थांब्यावर उभं राहायचं आणि दोनपैकी एक बटण दाबायचं: 'बस आली' किंवा 'बस आली नाही'. थांबा कोणता, ते फोनच्या ठिकाणावरून आपोआप नोंदलं जाणार. काकांनी हट्टाने त्यात मराठीही घातली. "वापरणार कोण?" आम्ही विचारलं. "मी," काका म्हणाले.

काका आयुष्यभर फोनची सॉफ्टवेअर लिहून निवृत्त झालेले. नजर अधू व्हायला लागली तेव्हा कुणी सांगायच्या आत त्यांनी गाडी चालवणं सोडलं. रोज दुपारी ते त्याच बसने काकूंकडे जात. आठवण हरवत चाललेल्या माणसांच्या एका निवासात काकू होत्या. तिथल्या काळजी घेणाऱ्या मुली प्रेमळ होत्या, पण काकूंचं इंग्रजी पुसलं गेलं होतं. इतकी वर्षं इथे नोकरी केली, आणि उरली ती फक्त मराठी. काका भरवतील तेवढंच त्या जेवत. बस बंद झाली की काकूंचं बोलणं कळणारं तिथे कुणी येणार नव्हतं.

हे पत्रकात घालू का, असं मी विचारलं.

"तिचं नाव भिंतीवर नको लावू गं. माझं लाव हवं तर. माझं डोकं अजून शाबूत आहे."

काकांच्या पिशवीत केबलींचा गुंता असे. त्यातल्या काहींना लाल दोरा बांधलेला.

"काय काका, केबलची पूजा?" मी टोमणा मारला.

"काही केबली नुसत्या चार्ज करतात, डेटा नेत नाहीत. दिसायला सगळ्या सारख्या. फोन चार्ज होतोय म्हणजे जोडलाय, असं वाटतं माणसाला, आणि अख्खी दुपार जाते. ही डेटा नेते, म्हणून खूण."

"पण दोरा देवाचाच का?"

"घरात तोच होता. तुझ्या काकूने घातलेल्या सत्यनारायणातला उरलेला."

आमचं अ‍ॅप एका विचित्र ठिकाणी कोसळायचं. लायब्ररीत कधीच नाही. बसमध्येच, आणि तेही उंच सूचिपर्णी फरच्या झाडांमधून रस्ता जातो तिथेच. चालत्या अ‍ॅपच्या आत डोकावून ते नेमकं कुठे अडलं हे दाखवणाऱ्या साधनाला डीबगर म्हणतात, आणि त्यासाठी फोन लॅपटॉपला जोडलेला लागतो. म्हणजे बसमध्येच जोडायला हवा होता.

ती दुपार आठवली की मला अजून झोपेत असल्यासारखं वाटतं. पाऊस पडत होता म्हणण्यापेक्षा हवेत नुसता लोंबकळत होता. काचा आतून धुरकटलेल्या. पुढच्या सीटवर एक बाई भाजीची पिशवी कवटाळून झोपलेली. बाहेर गाड्यांचे दिवे पाण्यात विरघळत मागे जात होते. काकांच्या मांडीवर लॅपटॉप, माझ्या हातात त्यांचा फोन, मध्ये लाल दोऱ्याची केबल. बसला हिसका बसला की डीबगर सुटायचा.

"वायफायवर जोडू ना. बसचं आहे की," मी म्हटलं.

"बसच्या वायफायवर सगळे असतात, पण एकमेकांना दिसत नाहीत. तशीच सोय असते ती." त्यांनी दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट सुरू केला, आणि लॅपटॉप आणि फोन दोन्ही त्याच्यावर घेतले. आता बस कितीही हिसकली तरी ते सुटेनात.

मग झाडं आली. काचा हिरव्या-काळ्या झाल्या. लॅपटॉपवरची एक ओळ पिवळी होऊन थांबली.

"बघ," काका हळूच म्हणाले, जणू कुणी जागं होईल. "त्यानं सॅटेलाइटला विचारलं, मी कुठे आहे? झाडांत उत्तर आलंच नाही. आपण धरून चाललो, उत्तर येणारच. म्हणून पडतंय ते."

"मग एरर दाखवू. लोकेशन एरर."

"एरर कसली त्यात? कळत नाही, एवढंच. कळत नाही म्हणायची सोय ठेव की त्याला."

आणि तिथल्या तिथे, झाडं संपायच्या आत, त्यांनी मराठीत टाइप केलं: ठिकाण कळत नाही. पुढच्या फेरीत अ‍ॅप त्या झाडांतून न पडता पार झालं.

त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर निवासात आत गेले. काकू खिडकीपाशी बसल्या होत्या.

"तुम्ही कोण?"

"तुमच्या घरचाच."

"मग एवढा उशीर?"

"बस आली नाही वेळेवर."

"बसा मग. येईल." दोन घास झाले आणि काकूंनी पुन्हा विचारलं, "तुम्ही कोण?"

"तुमच्या घरचाच," काका म्हणाले, अगदी पहिल्यांदाच सांगितल्यासारखं.

बस बंद करण्यावरच्या सुनावणीच्या दिवशी अ‍ॅप काकांच्या फोनवरही नीट चाललं. न आलेल्या बसांच्या नोंदी लॅपटॉपवरून भिंतीवर दाखवल्या. समोरच्या अधिकाऱ्यांनी माना डोलावल्या, फार छान काम आहे म्हणाले, आणि बस बंद केली. मी उभी राहून म्हटलं, कौतुक नको, बस द्या. माझा माइक बंद झाला. काकांनी माझी बाही ओढली.

"बस खाली. ते लॅपटॉपकडेच बघतायत गं."

पुढे आम्ही आळीपाळीने काकांना गाडीने सोडू लागलो. पण कुणाची मीटिंग, कुणाचं मूल आजारी. एखादा दिवस चुकायचाच. रेनकोट घालून काका दारात उभे असत, आणि काकू तिकडे उपाशी. शेवटी देशाच्या दुसऱ्या टोकाहून, व्हर्जिनियातल्या हर्नडनहून त्यांचा मुलगा आला. त्याच्या घरापासून चालत जाता येईल असं निवास त्याने शोधलं आणि दोघांना घेऊन गेला. ज्यांनी बस बंद केली त्यांच्या मोजणीत आणखी एक प्रवासी कमी झाला. त्यांचं म्हणणं खरं ठरलं, नाही का?

निघताना काकांनी केबलींची पिशवी माझ्या हातात दिली.

आता आमचं भांडण दुसऱ्या बससाठी चालू आहे. रोज सकाळी मी कॉफी घेऊन नोंदी बघायला बसते. त्यांत एक मराठीत येते. एकच. तिकडे तेव्हा दुपार झालेली असते.

"हा कचरा आहे यार, फिल्टर करू," आमच्यातला एक जण म्हणाला. त्याचंही बरोबर होतं. व्हर्जिनियातला एकही थांबा आमच्या अ‍ॅपला माहीत नाही.

मी काकांना फोन लावला.

"सवय गं," ते म्हणाले. "तिच्याकडे चालत निघालो की वाटेत एक थांबा लागतो. बोट जातं बटणावर. मोजणी बिघडत असेल तर काढून टाक."

"नाही काढणार."

"बरं. ठेवतो आता. ती वाट बघत असेल."

आजही बाहेर तोच लोंबकळणारा पाऊस आहे. लाल दोऱ्याच्या केबलने माझा फोन जोडलेला आहे. स्क्रीन उजळते, आणि मी लॅपटॉपवरून नजर काढून फोनकडे बघते.

बस आली नाही. ठिकाण कळत नाही.