कोणी थांबत नाही

डाव्या हाताची बाही दोन बोटांनी वर सरकवायची, घड्याळाकडे न बघताच मान हलवायची आणि म्हणायचं, “चला वहिनी, आपल्यासाठी कोणी थांबत नाही.” त्यांचा विषय निघाला की लंडनच्या हॅरो भागातल्या आमच्या मराठी मंडळातलं कोणीही एवढं करून दाखवतं. पूर्वी त्यावर हशा व्हायचा.

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. घरात असला तर नाकी नऊ येतात, शेजारी असला तर निभतं. ते आमच्या मागच्याच रस्त्यावर राहायचे. दातांचे डॉक्टर, निवृत्त झालेले, बायको जाऊन काही वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मंडळाची गणपतीची आरती अकराला म्हणजे साडेबाराला, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. पण हा गृहस्थ नऊ वाजता हॉलच्या बंद दाराशी नारळाची पिशवी घेऊन उभा. माझ्याकडे जेवायला बोलावलं की माझे केस ओले असतानाच बेल वाजायची. शेवटी मी त्यांना खोटी, उशिराची वेळ सांगायला लागले, तर ते त्या उशिराच्याही पुष्कळ आधी यायला लागले. मी हात टेकले.

त्यांचं ‘गजर’ हे नाव आमच्या ह्यांनी पाडलं. हे सर्जन. दातांचा डॉक्टर हा डॉक्टरच नव्हे असं ह्यांचं ठाम मत होतं, आणि ते त्यांना तोंडावर सांगण्यात ह्यांना भारी मजा वाटायची. दोघांचं जमायचं मात्र छान. मला त्यांचा कंटाळा यायचा. खोटं कशाला बोलू?

मंडळातल्या काही जोडप्यांनी, त्यांत बहुतेक डॉक्टरच, मिळून भूमध्य समुद्राची क्रूझ ठरवली, तेव्हा ह्यांनी गजरसाहेबांनाही ओढलं. बार्सिलोनाहून निघायचं, मग मार्सेय, जेनोआ, नेपल्स, पालेर्मो. रोज सकाळी नवं जुनं शहर, आणि संध्याकाळी बोट सुटायच्या आत परत. उशीर झाला तर बोट खरोखरच सोडून जाते, असं पहिल्याच दिवशी माइकवरून सांगितलं गेलं. आता सांगा, या माणसाला हे ऐकवायची काही गरज होती?

त्यांनी बॅग कधी रिकामी केलीच नाही. कपडे तिच्यातून काढायचे आणि घडी घालून पुन्हा तिच्यातच ठेवायचे. मार्सेयला टेकडीवरच्या चर्चच्या अर्ध्या वाटेवरून ते परत फिरले. जेनोआत त्यांनी पाहिलं काय, तर बंदराचं फाटक. नेपल्सला आम्ही सगळे पॉम्पेईला गेलो, तेव्हा ते बोट नजरेसमोर राहील अशा कॅफेत कॉफी पीत बसले. त्या दिवशी जेवताना ह्यांनी त्यांना धरलं.

“अहो, पॉम्पेई दोन हजार वर्षं थांबलंय. तुम्हाला दोन तास थांबवत नाही?”

“त्या लोकांनाही वाटलं असेल, अजून वेळ आहे म्हणून,” असं म्हणून ते पुडिंग खायला लागले.

पालेर्मोला ह्यांनी त्यांचं मनगटच पकडलं. “आज तुम्ही माझ्याबरोबर. घड्याळ माझ्या ताब्यात.” आणि काय आश्चर्य, ते आले.

तिथल्या एका मठाच्या तळघरात जुन्या काळातली मेलेली माणसं भिंतींना लावून उभी केली आहेत. वाळून कोळ झालेली, पण अंगावर ठेवणीतले कोट, हातांत मोजे. मला तिथे पाऊल पुढे टाकवेना. आमची डॉक्टर मंडळी मात्र प्रदर्शनात फिरावं तशी फिरत होती. हे त्यांना हाताला धरून एकेक जबडा दाखवत होते, “बघा, बघा, हे तुमचं खातं.” मग एका रांगेपुढे थांबून म्हणाले, “गजरसाहेब, हे तर सगळे तुमचेच भाऊबंद. वेळेआधी तयार होऊन उभे!” ते स्वतःही हसले. त्या तळघरात दोघांचं हसणं केवढं तरी मोठं वाटलं.

जिना चढून उन्हात आलो आणि ह्यांनी मला काहीतरी विचारलं. शब्द मराठी होते, पण त्यांचा अर्थ लागत नव्हता. मी वळून पाहिलं तर तोंड एका बाजूला ओघळलेलं. आमच्याबरोबर एवढे डॉक्टर, काय झालंय ते मला सोडून सगळ्यांना एका नजरेत कळलं. त्यांनी जे करायचं ते सगळं केलं. अँब्युलन्स आली, हॉस्पिटल आलं, इंजेक्शनं झाली. एक तरुण डॉक्टरीणबाई तुटक्या इंग्रजीत म्हणाली, “आता वाट बघायची.”

दुपार कलायला लागली. कॉरिडॉरमध्ये सगळे उभे होते आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मी त्यांना दोष देत नाही. एकाच्या हृदयाच्या गोळ्या बोटीवर, दुसऱ्याच्या बायकोचे गुडघे गेलेले, तिसऱ्याला इन्शुलिन. तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेल्या गजरसाहेबांनी बाही वर सरकवली.

“तुम्ही निघा आता. आपल्यासाठी कोणी थांबत नाही.”

मनात आलं, चला, गजर वाजला. लोक माझ्या खांद्यावर हात ठेवून, डोळे पुसत गेले. मी त्यांच्या उठण्याची वाट बघत होते. ते उठले नाहीत. माझ्या शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत हातांची घडी घालून बसून राहिले.

“अहो, तुमची बोट,” मी म्हटलं.

“जाऊ दे,” ते म्हणाले.

आमचे पासपोर्ट आणि सामान बोटवाल्यांनी बंदरावरच्या माणसाकडे ठेवलं होतं. माझी बॅग एका मैत्रिणीने रडत रडत कशीबशी भरली होती. त्यांची भरलेलीच होती.

मग तो आठवडा. हे डोळे उघडायचे, मिटायचे, कधी माझं बोट घट्ट धरायचे. विम्याचे फोन, लंडनचे फोन, जवळच कुठेतरी एक खोली, तिथून डब्यात मऊ भात आणि दही, सगळं तेच करत होते. माझी मुलगी बर्मिंगहॅमला, दिवस भरत आलेले, तिला विमानात घेईनात. ती फोनवर रडायची, “काका, बाबा कसं आहे? आईला एकटी सोडू नका, please. Promise me.” तिचं मराठी तिथेच वाढलेल्या मुलीचं. ते म्हणायचे, “बेटा, मी दाराशीच आहे.”

पण मला ते पलंगापासून हलू देत नव्हते. फोनचा चार्जर आणायचा, “मी जातो.” पाणी आणायचं, “मी आणतो.” सही हवी असली तर कागद तेच आत घेऊन यायचे. एके दिवशी माझा तोल गेला. “अहो, मला दोन पावलं चालू द्या की! काय कैदी आहे का मी?”

ते दारातच उभे राहिले. त्यांच्या बायकोबद्दल ते कधी बोलत नसत, तेव्हा बोलले.

“तिचा सकाळीच फोन आला होता वॉर्डमधून, या म्हणून. मी निघालो लगेच. पण कार पार्क फुल. एक फेरी, दुसरी फेरी, गाडी हलेल तर शपथ. मग एक जागा मिळाली. वाकडी लागली होती, वहिनी. मी दोनदा मागेपुढे करून सरळ केली. रेषेच्या आत. आणि मग वर गेलो.”

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. मी खुर्ची ओढून पुन्हा ह्यांच्याजवळ बसले.

ह्यांचा शेवटचा श्वास गेला तेव्हा माझा तळवा ह्यांच्या कपाळावर होता. बाहेर कोणीतरी ट्रॉली ढकलत होतं. हे गेले याचं दुःख आहेच, ते कुठे जाणार? पण मी तिथे होते. ते मला त्या कंटाळवाण्या माणसाने दिलं, आणि याची परतफेड कशाने होते ते मला अजून माहीत नाही.

हॅरोला परत आल्यावर मंडळी मला भेटायला यायची आणि लवकर उठायची. ते यायचे आणि बसायचे. आभार मानू लागले की म्हणायचे, “मी काय केलं? खुर्चीत बसलो.” मी चहा टाकायची. आता केस ओले असले तरी दार उघडायची. नातीचे फोटो दाखवले की ते चष्मा पुसून पुसून बघत. पण त्यांचं वजन उतरत होतं, आणि जिना चढताना मध्येच थांबून ते भिंतीवरची चित्रं बघितल्यासारखं करत.

मीच मागे लागून हृदयाच्या क्लिनिकची वेळ घ्यायला लावली. “मी येणार बरोबर,” म्हटलं. ते म्हणाले, “अडीचची वेळ आहे, म्हणजे आपण साडेबाराला निघू.” हॉस्पिटल घरापासून बसने चार स्टॉपवर. मी हसले, आणि मनाशी म्हटलं, या वेळी गजराच्या आधी आपण उठू. त्या दिवशी बाराच्याही आधी जाऊन मी बेल वाजवली. दार उघडेना.

त्यांची एक किल्ली माझ्याकडे होती. दाराच्या आतच खुर्ची, त्यावर ते बसले होते. कोटाची बटणं लावलेली, गळ्यात मफलर, बुटांच्या नाड्या बांधलेल्या, मांडीवर टोपी. हात लावला तर गार. त्या तळघरातली रांग माझ्या डोळ्यांपुढे आली, आणि ह्यांचा तो विनोद. मला भयंकर राग आला. ह्यांचा, त्यांचा, माझा, कोणाचा ते कळेना. मी त्यांच्याही वेळेआधी गेले होते हो. आणखी किती आधी जायचं असतं? अँब्युलन्सला फोन करून मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले, आणि लोक येईपर्यंत त्यांचा हात हातात धरून ठेवला. उपयोग नव्हता, पण सोडवेना.

इकडे स्मशानातही वेळ ठरवून मिळते. तुमची अर्ध्या तासाची पाळी, मग पुढच्यांची. त्या दिवशी मंडळातली झाडून सगळी माणसं, आयुष्यात कधी आरतीला वेळेवर न आलेली, तासभर आधी येऊन भुरभुर पावसात कार पार्कमध्ये उभी होती. पालेर्मोहून बोटीवर परतलेले तर सगळेच होते. त्यांतलेच एक सर्जन गाडी लावत होते. वाकडी लागली म्हणून त्यांनी ती मागे घेतली, पुन्हा पुढे घेतली. मला ते बघवेना. मी तोंड फिरवलं.

त्यांना घेऊन येणारी गाडी मात्र येईना. रस्त्याचं काम चाललं होतं म्हणे. जन्मात पहिल्यांदा त्यांना उशीर झाला होता. काळा कोट घातलेला तिथला माणूस माझ्याकडे आला. मीच सगळ्यांत पुढे उभी होते, म्हणून त्याला मी घरची वाटले असेन. पुन्हा पुन्हा माफी मागून तो म्हणाला की अजून किती वेळ लागेल ते सांगता येत नाही.

“काही हरकत नाही,” मी त्याला म्हटलं, “आम्ही थांबतो.”