लढाईच्या दगडासमोर

आमच्या गावात, कोरेगाव तालुक्यात, दसऱ्याला सोनं लुटण्याआधी लढाईच्या दगडापुढे नारळ फुटतो. पहिल्या महायुद्धात गावातून किती माणसं गेली, ते इंग्रजांनी त्या दगडावर कोरून ठेवलंय. इथं माणूस फौजेतून निवृत्त झाला तरी त्याला हुद्द्यानंच हाक मारतात. मला हुद्दा नाही. मी साताऱ्यात इतिहास शिकवतो.

यंदा दगडापुढे बोलायला मला बोलावलं. आदल्या दिवशी पुतण्या म्हणाला होता, "नाना, मला भरतीला जायचं न्हाई. आबांना तुमीच सांगा." त्याचे आबा म्हणजे माझा थोरला भाऊ, निवृत्त सुभेदार.

भावाशी सरळ बोलायचं माझं धाडस झालं नाही. म्हणून मी दगडावरच्या त्या महायुद्धातली इंग्लंडची हकिकत सांगितली. तिथं सक्तीची भरती सुरू झाली, तेव्हा हजारो जणांनी माणूस मारायला नकार दिला. सरकारनं नेमलेल्या पंचांपुढे त्यांची उलटतपासणी झाली. काही जण जखमींना उचलायला गेले, काही तुरुंगात खडी फोडत राहिले. शेजारीपाजारी त्यांना भित्रे म्हणाले.

"म्हंजे आमची मान्सं गोऱ्यांसाठी मेली, आन् गोरं घरात बसलं?" एक हवालदार म्हणाला.

"घरात नाही, तुरुंगात."

"आवं प्रोफेसर, उद्या तुमच्या बहिणीवर दुश्मन चालून आला, तर काय करनार? पुस्तक दावनार व्हय त्याला?"

सगळे हसले. इंग्लंडातले पंचही नेमका हाच प्रश्न विचारायचे. मी तो वर्गात कित्येकदा शिकवला आहे. तरी मी तो टाळून पुढची हकिकत सांगू लागलो.

भाऊ उठला. "त्यांनी न्हाई म्हटलं आन् तुरुंग भोगला. तू काय भोगलंस रं? मी बर्फात हुतो, तवा तू माझ्या जिवावर कॉलेजात हुतास. पोराच्या डोस्क्यात ह्ये तूच घातलंस न्हवं?"

पुतण्या नारळाचं ताट धरून माझ्याकडे बघत होता.

"मी फक्त इतिहास सांगितला," मी म्हणालो.

त्यानं ताट खाली ठेवलं. "आबा, नानांनी काय न्हाई घातलं. मलाच जायचं न्हाई."

भावानं त्याच्याकडे न बघता नारळ फोडला. सोनं वाटताना पुतण्याला कुणी पान दिलं नाही. मी द्यायला गेलो, तर त्यानं हात मागे घेतला.