बंद इंजिनाचं शून्य
तापलेल्या रबराचा वास आला की मला घाटकोपरचं ते पीयूसी सेंटर आठवतं, पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात उभी केलेली जुनी व्हॅन आणि तिच्यात मशीनसमोर बसलेली मी. एका दुपारी वारा देवनारकडून येत होता, कचऱ्याच्या वासाने डोकं उठलं होतं, आणि एक नवीकोरी हायब्रिड गाडी आली. मी सायलेन्सरमध्ये नळी घातली, तर स्क्रीनवर सगळे आकडे शून्य. गाडी चालू होती, पण बॅटरीवर. इंजिन बंदच होतं. "झीरो आलं ना? मारा प्रिंट," गाडीवाले काका खूश. मी म्हटलं, "काका, मशीनने तुमची गाडी नाही, पंपावरची हवा मोजलीय. एसी फुल्ल करा, बॅटरी उतरली की इंजिन सुरू होईल, मग मोजते." मागे रिक्षांचे हॉर्न सुरू झाले तसे आमचे शेठ धावत आले. "अगं, लाइन लागलीय, दे ना प्रिंट! कोण बघतंय?" "त्यावर माझं नाव येतं, शेठ. नाही देणार." मी हाताची घडी घालून बसले. पंधरा मिनिटांनी इंजिन घुरघुरलं, नळी तापली, आकडे हलले. गाडी पास झाली. "शेवटी पासच झाली ना? उगाच वेळ घालवलात," काका फणकारले. "झाली, पण आता मोजून झाली," मी म्हटलं. शेठनी त्याच आठवड्यात मला काढलं. आज मुलुंडला माझी स्वतःची व्हॅन आहे, आणि तिच्या काचेवर मी मोठ्या अक्षरांत लिहिलंय: हायब्रिडवाल्यांनी वेळ काढून यावं.