तोंडातल्या टाचण्या

माझे बाबा शिंपी. कापड टाचताना टाचण्या ओठांत धरायची त्यांची खोड. त्यामुळे पन्नाशीतही ओठांभोवती कॉलेजच्या पोरासारखी मुरमं. आई रोज कानीकपाळी ओरडायची, "अहो, त्या टाचण्या आधी काढा तोंडातून! खडूचे हात तोंडाला लावू नका. जेवल्यावर तोंड धुवा, आणि पुसायला दुकानातलं फडकं नको, हा धुतलेला रुमाल घ्या." बाबा नुसतं "हं" म्हणायचे. तोंडात टाचण्या असल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार? टाचण्या टोचायला तिने मनगटावर बांधायची छोटी गादी शिवून दिली. ती खिळ्यालाच लटकत राहिली.

त्या संध्याकाळी आई दुकानात येऊन म्हणाली, "अहो, छातीत कसंतरी होतंय. डॉक्टरकडे जाऊ या का?"

"हं," बाबा म्हणाले. म्हणजे, कोटाची ही बाही लागली की निघू. आई स्टुलावर भिंतीला टेकून बसली. बाही लागली तेव्हा ती गेली होती.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. खोड बाबांची होती, मरावं आईला लागलं. आता ते गादी मनगटाला बांधतात. जेवले की तोंड धुतात, धुतलेल्या रुमालानेच टिपतात. महिनाभर मी त्यांच्याशी धड बोलले नव्हते. काल ताट वाढताना म्हटलं, "बाबा, मुरमं गेली की सगळी."

"हो," ते म्हणाले.

इतका स्वच्छ 'हो' आईला उभ्या जन्मात ऐकायला मिळाला नाही.