नाकवाल्या गाडीचं कपाळ

मुक्कामाची गाडी (रात्री गावात थांबून सकाळी परत जाणारी एस.टी.) सहाला निघते, पण मी पाचपासूनच शाळेपुढच्या लिंबाखाली जाऊन उभी राहिले होते. मार्गशीर्षातली थंडी होती. गाडीच्या काचांवर दव साचलं होतं आणि ती एखाद्या रवंथ करून झोपलेल्या जनावरासारखी अंधारात बसली होती. माझ्या हातात एक पिशवी होती. तिच्यात चार धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गुरुजींच्या घरचा डबा कॅमेरा आणि कागदाच्या पुडीत विभूती.

आमच्या राणीसावरगावात मुक्कामाच्या ड्रायव्हर-कंडक्टरला रोज एका घरची भाकरी जाते. काल पाळी आमची होती. डबा घ्यायला आलेला कंडक्टर उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "अण्णा, तुमची नाकवाली उद्या शेवटची बरं का. परभणी-जिंतूर एक फेरी मारायची अन् उभी करायची. मग लिलाव."

अण्णा म्हणजे माझे वडील. सारी उमर त्यांनी एस.टी. चालवली आणि त्यातली बरीच वर्षं ही एकच गाडी. इंजिन पुढे नाकासारखं बाहेर आलेलं, म्हणून ती नाकवाली. आता सगळ्या गाड्या सपाट तोंडाच्या आल्यात. आमच्या घरी गळ्यात लिंग आणि कपाळाला विभूती. अण्णा अंघोळ करून स्वतःच्या कपाळाला तीन बोटं ओढत आणि तोच हात जाऊन गाडीच्या नाकावर, काचेच्या खाली, ओढत. लोक हसायचे. अण्णा म्हणायचे, "माझ्या लेकरांना हीच पोसती. हिला कपाळ न्हाई व्हय?"

अण्णा घरी बसले, गाडी दुसऱ्या मार्गाला गेली. आता त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते. डोळ्यावर हिरवं फडकं होतं. कंडक्टर गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. मग म्हणाले, "तू जा."

"मी?"

"तिला रिकाम्या कपाळानं भंगारात धाडू नको. विभूती लाव अन् फोटो काढून आण. डोळं उघडल्यावर पयलं तेच बघीन."

"मला बोलावं लागंल ना कुणाशी तरी."

"कुणाशी?"

"ड्रायव्हरशी."

"मग? मी बी डायवरच होतो. मला भितीस का?"

अण्णांना भीत नाही. बाकी सगळ्यांना भिते. लग्नानंतर दोन वर्षांत माहेरी परत आले तेव्हापासून माझं बोलणं अजूनच आटलं. दुकानात गेले तरी दुकानदाराने विचारेपर्यंत मी उभीच असते. पण गाड्यांचा मला नाद आहे. चौथीनंतर शाळा सुटली, नाद सुटला नाही. घरात बसून आवाजावरून सांगते, ही गंगाखेडची, ही अहमदपूरची, हिचा गिअर आज नीट पडत नाही. जुनी तिकिटं रंगांप्रमाणे लावून डब्यात ठेवली आहेत. बाईमाणसाने असं काही सांगायचं नसतं, म्हणून सांगत नाही. वहीत लिहिते.

गुरुजींनी कॅमेरा देताना दोनदा समजावलं होतं. आठ फोटो येतात. पोटाशी धरायचा, वरच्या काचेत खाली मान घालून बघायचं, खटका दाबायचा. मागच्या लाल भोकात पुढचा आकडा येईपर्यंत चावी फिरवायची. मला ते फार आवडलं. मान खाली घातली की डोक्यावरचा पदर पुढे येतो, तोंड झाकतं. फोटो काढताना कुणी आपल्याकडे बघतंय हे दिसतच नाही.

झुंजूमुंजू झालं तेव्हा पहिला फोटो मुक्कामाच्या गाडीचा काढला.

गंगाखेडला पोचेपर्यंत दोन्ही बाजूंना धुकंच होतं. कापसाची शेतं आणि धुकं यांत फरक कळत नव्हता. एक म्हातारी माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. मी तशीच अवघडून बसले. उठवायचं कसं, तिला काय म्हणायचं, हे ठरेपर्यंत गंगाखेड आलं.

स्टेशनात छोट्या रुळांची गाडी उभी होती. काळं इंजिन पाण्याच्या नळाच्या सोंडेखाली उभं राहून पाणी पीत होतं. पाणी भरून वाहिलं आणि रुळांवर वाफ झाली. वाफेतून फायरमनचं तोंड तेवढं दिसत होतं, काळं, आणि त्यात दात. मी मान खाली घालून खटका दाबला. "दुसरा फोटो," मी मनात म्हटलं. फायरमन वरून ओरडला, "बाई, माझा आला का?" मी मान हलवली. होय की नाही, ते माझं मलाच कळलं नाही.

गाडी गोदावरीच्या पुलावर आली तशी डब्यातल्या माणसांनी हात जोडले. खाली नदी दिसत नव्हती. धुक्यातून नुसता पुलाचा आवाज येत होता, जणू खाली दुसरी एक गाडी उलटी चालली आहे आणि तिच्यातही एक मी बसले आहे. लहानपणी अण्णांच्या मागच्या सीटवर बसून मी असंच काहीबाही बघत असे. त्यांच्या मानेवरचा घाम, काचेवर हलणारा झेंडूचा हार आणि पुढे नाकावर तीन पांढऱ्या रेघा. त्या रेघांच्या पलीकडे रस्ता सुरू व्हायचा. पोखर्णीला ऊन पडलं तेव्हा मी जागी झाले. झोपले होते की नाही, ते सांगता येणार नाही. पिशवी मात्र छातीशी घट्ट होती.

परभणीच्या स्टँडवर मी नाकवालीला लांबूनच ओळखलं. सपाट तोंडाच्या नव्या गाड्यांच्या रांगेत शेवटी, भिंतीला लागून ती उभी होती. रंग विटलेला. नामांतराच्या मागच्या बंदात फुटलेल्या दोन काचांच्या जागी पत्रा ठोकलेला. तिच्या नाकाच्या दिशेने जायला दहा पावलं होती. पण तिथेच पाच-सहा खाकीवाले बिड्या ओढत हसत उभे होते. मी मागून गेले. मागून एक फोटो काढला. बाजूने दोन काढले. पुढून जायचं धाडस झालं नाही.

दुपारी घंटी वाजली तशी चढून बसले. पुडी पदराच्या टोकाला बांधून घेतली. म्हटलं, झरीला लावू. तिथे गर्दी कमी असते.

ड्रायव्हर पिकल्या दाढीचा, किडकिडीत माणूस होता. कंडक्टर त्यांना करीमभाई म्हणत होता. कंडक्टर तरुण आणि बडबड्या. "चला, नाकवालीचं शेवटचं तिकीट! नातवंडांना दाखवा!" असं ओरडत तो तिकिटं फाडत होता. माझ्यापाशी आला.

"कुठं?"

"जिंतूर. अन् परत."

"परत? जाऊन लगीच परत? मग जायलात कशाला?"

सगळी गाडी वळून बघते आहे असं मला वाटलं. मी खिडकीबाहेर बघू लागले. मागच्या सीटवरची बाई म्हणाली, "अरे, तुला काय करायचं? तिकीट दे की."

झरीला गाडी थांबली तोवर मी दारापर्यंत गेले. चार माणसं चढली, एक बकरी चढली आणि मला उतरताच आलं नाही. खिडकीशी कॅमेरा धरून, मान खाली घालून दोन फोटो काढले. कशाचे, देव जाणे. लाल भोकात बघितलं तर आठचा आकडा. एकच उरला होता.

मग मला रडू यायला लागलं. अण्णा फडकं बांधून ओसरीवर बसले असतील. प्रत्येक आवाजाला "आली का?" म्हणत असतील. त्यांना काय सांगू? सगळी गाडी बघितली, कपाळ तेवढं राहिलं?

बोरीला चहासाठी गाडी थांबते. माणसं उतरली, करीमभाई हॉटेलच्या बाकड्यावर जाऊन बसले. भज्यांचा वास सुटला होता. मी उतरले, गाडीच्या कडेकडेने पुढे गेले आणि नाकापुढे उभी राहिले.

कपाळ रिकामं नव्हतं.

काचेच्या खाली, अगदी त्याच जागी, तीन पांढऱ्या रेघा होत्या. आजच्या. वरून धूळ बसली होती, पण ताज्या. मी बोट लावून बघितलं. मग तिथेच उभी राहिले. आजूबाजूला कोण आहे, काय आहे, सगळं विसरले. वाटलं, अण्णा सकाळीच येऊन गेले आणि आता हॉटेलात चहा पीत आहेत.

"ओ बाई! पुसू नका ते!"

करीमभाई बशी हातात घेऊनच धावत आले होते. मी वळले आणि माझ्या तोंडून सरळ निघालं, "हे कुणी लावलं?"

"मी. का?"

"तुम्ही का लावता?"

"आता का म्हणजे!" ते गोंधळले. "ज्यानं गाडी माझ्या हवाली केली त्यानं सांगितलं, करीम, हिच्या कपाळाला तीन बोटं लावल्याबिगर ही चढाला दम धरीत न्हाई. त्याला त्याच्या आधीच्यानं सांगितलेलं. का लावत्यात ते त्याला बी ठाऊक न्हाई, मला बी न्हाई. पण लावतो. एक इळ (दिवस) चुकलो न्हाई."

"कशाची लावता?"

त्यांनी खिशातून तंबाखूची डबी काढली. एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना.

कंडक्टर मागून आलाच होता. "म्हणजे बघा बाई, इतकी वर्षं ह्यांनी गाडीला चुना लावलाय!" हॉटेलातली माणसं हसली. करीमभाईंनी त्याच्या टोपीवर टपली मारली. मलाही हसू आलं. हसता हसता मी सगळं सांगून टाकलं. अण्णा, त्यांचं फडकं, ही गाडी, विभूती, फोटो. अनोळखी माणसापुढे एका दमात मी इतकं कधी बोलले नव्हते. करीमभाईंच्या बशीतला चहा गार झाला.

"म्हणजे तुमच्या वालिदांची ही रीत," ते म्हणाले. त्यांनी डबी खिशात टाकली. "मग आज तुमच्या हातानं लावा, बेटा. खरी वाली लावा."

कॅमेरा हॉटेलच्या बाकावर ठेवला, पुडी सोडली. बंपरवर पाय देऊन मी वर वाकले. पदर डोक्यावरून पडला, तो सावरायला हात मोकळा नव्हता. पत्रा उन्हाने आणि इंजिनाने तापला होता. चुन्याच्या रेघांवरूनच मी तीन बोटं ओढली, डावीकडून उजवीकडे, अण्णा ओढत तशी.

"असंच थांबा!" कंडक्टर ओरडला. मी बाकावर ठेवलेला कॅमेरा त्याने कधी उचलला, कळलंच नाही. "नको, माझा नको, गाडीचा..." मी म्हणेपर्यंत खटका वाजला. आठवा.

जिंतूरला पोचलो तेव्हा डोंगरांवर ऊन पिवळं पडत होतं. परतीच्या फेरीत करीमभाईंनी मला पुढच्या सीटवर बसवलं. त्यांच्या मानेवर घाम होता. कापसाच्या भरलेल्या गाड्या बाजूला होऊन रस्ता देत होत्या. नाकवाली संथ चालली होती आणि मला वाटत होतं, परभणी कधी येऊच नये. मी माझ्याकडचा एक धपाटा मागे बसलेल्या एका बाईला देऊन तिच्याकडून पेरू घेतला. स्टँडवर गाडी भिंतीला लावून त्यांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि खाली उतरून, जाता जाता, तिच्या नाकावर नुसती थाप मारली.

रोल स्टुडिओत देऊन मी संध्याकाळची आगगाडी धरली. गंगाखेडला तीच सकाळची मुक्कामाची गाडी उभी होती.

फोटो दहा दिवसांनी गुरुजींनी परभणीहून आणले. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, सात फोटोंत तुमचा पदर आलाय." खरंच. मुक्कामाची गाडी, इंजिन, स्टँड, सगळ्यांपुढे एक काळा पडदा, कडेला थोडीशी गाडी. मान खाली घातली की पदर भिंगापुढे लोंबत होता आणि वरच्या काचेत तो दिसत नव्हता. मी जिथे जिथे लपले, तिथे तिथे गाडीही झाकली गेली. आठवा तेवढा स्वच्छ होता.

अण्णांचं फडकं निघालं होतं, जाड भिंगाचा चष्मा आला होता. त्यांनी फोटो नाकाशी नेला. मी बोरीची हकीकत आधीच सांगितली होती, एक गोष्ट सोडून. आता तीही सांगितली. रोजची विभूती नव्हती, चुना होता, तंबाखूच्या डबीतला.

मला वाटलं, वाईट वाटेल. अण्णा हसले, खांदे हलेपर्यंत हसले. डोळ्यांवर ताण नको म्हणून मी चष्मा काढायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

"चढाला दम धरीत न्हाई, असं म्हणाला का तो? मी कुणाला असलं काई सांगितलं न्हाई. अन् परभणी-जिंतूरला चढ हाय का एवढा?" मग ते पुन्हा फोटोत बघू लागले. त्यांचा अंगठा त्या तीन रेघांवर होता. "माझी विभूती दुपारपर्यंत उडून जायची, बाय. त्याचा चुना टिकला."

मग त्यांनी अंगठा रेघांवरून उचलला आणि माझ्या उघड्या डोक्यावर ठेवला, फोटोतल्या.

"ही कोण?" ते म्हणाले. "हिला मी इतक्या मोकळ्या तोंडानं कधी बघितलं न्हाई."